'यात तुझं काय?' असं विचारण्याआधी: नागपूरच्या कॉम्प्युटर विभागांना खुले पत्र

प्रति,
विभागप्रमुख आणि अंतिम वर्षाचे प्रकल्प समन्वयक,
कॉम्प्युटर व आयटी विभाग,
नागपुरातील अभियांत्रिकी महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे विषय मंजूर करताना चालू सॉफ्टवेअरचं पोर्टिंग (एका सिस्टीमवरचं सॉफ्टवेअर दुसरीवर चालतं करणं) आणि त्याची देखभाल हाही विषय मान्य करा. सक्ती करू नका, अख्ख्या वर्गाला तर मुळीच लावू नका. पण ज्या मोजक्या मुलामुलींना हे काम करायचं आहे त्यांना पहिल्याच रिव्ह्यूत परत पाठवू नका.

मी नागपुरात सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करते. माझे बरेचसे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. ही युनिक्सच्या बर्कली घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, १९९३ पासूनची. तिच्यातला एक छोटा पोर्ट (तिच्यावर चालेल असं जुळवून घेतलेलं सॉफ्टवेअर) मी घरी बसून, जमेल तसा सांभाळते. अधूनमधून महाविद्यालयं बाहेरची परीक्षक म्हणून बोलावतात, तेव्हा जाते. अशाच एका महाविद्यालयात (नाव घेत नाही, कारण शेजारच्या महाविद्यालयातही हेच झालं असतं) एका मुलीने विषय मांडला होता: जावाचा रनटाईम (जावाचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) फ्रीबीएसडीवर बांधणं आणि वर्षभर चालता ठेवणं. तयारी चांगली होती. मार्गदर्शक सरांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हे सगळं दुसऱ्यानंच लिहिलेलं आहे ना? यात तुझं काय?" उन्हाळी परीक्षेला ती चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम घेऊन आली. त्या दिवशी आलेली ती काही एकटीच हजेरी सिस्टीम नव्हती.

सरांवर माझा राग नाही. मूल्यमापनाच्या तक्त्यात 'नावीन्य' असा रकाना आहे, आणि रकाना असला की तो भरावा लागतो. पण "यात तुझं काय?" या प्रश्नाला खरोखरच उत्तर आहे, आणि ते त्या खोलीत कोणी दिलं नाही. मीही नाही, कारण बाहेरच्या परीक्षकाने पहिल्या रिव्ह्यूत बोलायचं नसतं असा रिवाज आहे. म्हणून इथे लिहिते.

जावा आपण सगळेच शिकवता. पहिल्या युनिटमध्ये एक आकृती असते: वर बाईटकोड, मध्ये जेव्हीएमची, म्हणजे जावाच्या रनटाईमच्या गाभ्याची, चौकट, खाली ऑपरेटिंग सिस्टीम. जावा बनवणाऱ्या सन कंपनीची घोषणाही सांगितली जाते, एकदा लिहा आणि कुठेही चालवा. मग मुलं लगेच क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्सकडे वळतात. ती मधली चौकट प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर कोणीतरी हाताने बसवलेली असते आणि ती सिस्टीम बदलली की पुन्हा बसवावी लागते, हे कुठल्याच युनिटमध्ये येत नाही. रनटाईमचं पोर्टिंग म्हणजे त्या चौकटीच्या आत शिरणं. आत काय असतं याचे चार नमुने देते. वाचून आपणच ठरवा, यात शिकण्यासारखं किती आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी न थांबणारं रिकर्शन लिहून स्टॅकओव्हरफ्लोएरर पाहिलेला असतो. तो एरर नावानिशी छापला जातो, कारण चालू थ्रेडचा स्टॅक मेमरीत कुठून कुठपर्यंत आहे हे जेव्हीएमला आधीच ठाऊक असतं. टोकाची काही पानं त्याने राखून ठेवलेली असतात, आणि तिथे पाऊल पडलं की ते प्रोग्रामला थांबवतं. पण चालू थ्रेडच्या स्टॅकची हद्द विचारायची कशी, हे पोसिक्सने (युनिक्ससदृश सिस्टीमांच्या सामायिक मानकाने) ठरवून दिलेलं नाही. लिनक्सचं फंक्शन वेगळं, फ्रीबीएसडीचं वेगळं, तिच्या भावंडाचं, ओपनबीएसडीचं, तिसरं, मॅकओएसचं चौथं. नुसती नावं वेगळी असती तरी भागलं असतं. लिनक्स आणि फ्रीबीएसडीकडून हाती येतो तो स्टॅकचा खालचा पत्ता; ओपनबीएसडी आणि मॅकओएस देतात वरचा, आणि त्यातून लांबी वजा करून खालचा आपण काढायचा. इथे गफलत झाली तर पोर्ट बांधला जातो, 'हॅलो वर्ल्ड'ही छापतो. पण रिकर्शन खोल गेलं की एररऐवजी सेगमेंटेशन फॉल्ट येतो आणि प्रोसेस मरते. डायनिंग फिलॉसॉफर्स आणि बँकर्स अल्गोरिदम पाठ करून आलेल्या मुलीला स्टॅक नावाची वस्तू इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसणार?

दुसरा नमुना माझ्या रोजच्या कामातला. जावा सुरू करताना हीपची (प्रोग्रामच्या डेटासाठीच्या मेमरीची) मर्यादा सांगितली नाही, तर जेव्हीएम साधारणपणे मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा धरतं. म्हणजे 'मशीनमध्ये मेमरी किती' हा प्रश्न त्याला ऑपरेटिंग सिस्टीमला विचारावाच लागतो. लिनक्सवर विचारण्याची एक रीत, बीएसडीवर सिस्कंट्रोलची दुसरी, आणि त्यातही मॅकसाठीचं नाव निराळं. आता यात कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला मशीनच्या ठरावीक हिश्श्यात कोंडणारी सोय, आणा. लिनक्सवर सी-ग्रुपने (मेमरी वगैरे वाटून देणाऱ्या लिनक्सच्या सोयीने) घातलेली मर्यादा ओळखायला जावा दहाव्या आवृत्तीत, २०१८ मध्ये शिकलं. फ्रीबीएसडीचे जेल, म्हणजे तिथले कंटेनर, त्याच्या कितीतरी आधीचे, २००० सालच्या ४.० आवृत्तीपासूनचे. पण जावातली ती सोय बांधलेली आहे लिनक्सच्या सी-ग्रुपवर. त्यामुळे जेलमध्ये कोंडलेलं जावा अख्ख्या मशीनच्या मेमरीतला चौथा हिस्सा आपला समजतं, आणि जेलमध्ये जावा चालवणारी आम्ही माणसं हीपची मर्यादा हाताने लिहून मोकळी होतो. हे नीट करणं हा एका चांगल्या जोडीला वर्षभर पुरेल असा प्रकल्प आहे. त्यात पूर्ण यश आलं नाही तरी हरकत नाही. का अवघड आहे एवढं जरी नेमकं लिहून काढलं, तरी मी परीक्षक म्हणून वरचे मार्क देईन.

तिसरा ओपनबीएसडीचा. जावासारखे रनटाईम चालता चालता मशीन कोड तयार करतात आणि तोच चालवतात. जेआयटी म्हणतो ते हेच. त्यासाठी मेमरीचं तेच पान आधी लिहिता आणि मग चालवता यावं लागतं. २०१६ मध्ये ६.० आवृत्तीपासून ओपनबीएसडीने ठरवलं, की एकच पान एकाच वेळी लिहिण्याजोगं आणि चालवण्याजोगं असणार नाही. ज्या प्रोग्रामला हे लागतंच त्याच्या बायनरीवर तशी खूण हवी, आणि ज्या फाईल सिस्टीमवर तो ठेवलाय तिलाही तशी मुभा देऊन माऊंट केलेलं हवं. दोन्हींपैकी एक नसलं की जावा उठतच नाही. त्या काळी अनेकांना हा ओपनबीएसडीवाल्यांचा हट्टीपणा वाटला. मग २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या चिपवरचे मॅक आणले आणि तिथेही हाच नियम लागू केला. जावाला सतराव्या आवृत्तीत मॅकसाठी त्याची वेगळी व्यवस्था करावी लागली. ओपनबीएसडीवर ज्या मुलाने ही अडचण समजून घेतली असती, त्याला ॲपलची अडचण कोणी समजावून सांगायची गरजच पडली नसती. मेमरी प्रोटेक्शनचं युनिट आपण शिकवता. लॅबमध्ये त्याचं प्रात्यक्षिक काय घेता, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

चौथा नमुना दिसायला किरकोळ. बांधणीच्या आधी कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट छोटे छोटे सी प्रोग्राम कंपाईल करून पाहते: हे फंक्शन आहे का, ती हेडर फाईल आहे का. जुन्या स्क्रिप्टमधल्या अशा कित्येक चाचण्या गबाळ्या लिहिलेल्या असतात. फंक्शन वापरतात, पण त्याचं हेडर जोडत नाहीत. जुना कंपायलर कुरकुर करून पुढे जायचा. क्लँग या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने, २०२३ मध्ये, ही कुरकुर थेट एरर करून टाकली. परिणाम असा, की चाचणी नापास होते आणि स्क्रिप्ट समजते की या सिस्टीमवर ते फंक्शनच नाही. बांधणी थांबत नाही. सॉफ्टवेअर तयार होतं, फक्त त्यातली एखादी सोय गुपचूप गळून पडलेली असते. फ्रीबीएसडीचा मूळ कंपायलर २०१४ च्या १०.० आवृत्तीपासून क्लँगच आहे, त्यामुळे हा फटका आम्हाला थेट बसतो. लाल अक्षरांत काहीही न दिसता काय बिघडलं ते शोधायचं, हे कौशल्य कोणत्या विषयात बसतं? आपल्या शहरात आयटी पार्क आणि मिहानमधल्या ज्या नोकऱ्यांसाठी मुलं धडपडतात, त्यांतल्या माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांत पहिली काही वर्षं हेच करावं लागतं. दुसऱ्यानं लिहिलेलं, कागदपत्रं नसलेलं, कालपर्यंत चालत असलेलं काहीतरी समोर येतं.

थोडा इतिहास, कारण 'तुझं काय' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

२००० नंतरची काही वर्षं फ्रीबीएसडीवर जावा हवं असेल, तर आधी सनच्या साईटवर जाऊन परवाना मान्य करायचा, सोर्स हाताने उतरवायचा, पॅचसेट (दुरुस्त्यांचा संच) वेगळा उतरवायचा आणि दोन्ही ठरलेल्या डिरेक्टरीत नेऊन ठेवायचे. पोर्टच्या मेकफाईलला (बांधणीच्या सूचनांच्या फाईलला) हे आपोआप करायची परवानगी नव्हती. शिवाय जावा कंपाईल करायला जावाच लागतं. ते कुठून आणायचं? तर फ्रीबीएसडीच्या लिनक्स सुसंगततेच्या थरावर लिनक्सचं जावा चालवायचं आणि त्याच्याकडून फ्रीबीएसडीचं बांधून घ्यायचं. फोन लाईनच्या इंटरनेटवर हे सगळं नागपुरात बसून केलेल्या माणसांना तो काळ आठवला तर आजही घाम फुटेल. २००६ च्या एप्रिलमध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनने सनशी परवान्याचा करार करून जावा ५ च्या अधिकृत बायनरी दिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सनने जावा खुलं करायचं जाहीर केलं आणि २००७ मध्ये ओपनजेडीके, म्हणजे खुलं जावा, आलं.

या सगळ्या वर्षांत बीएसडीवरचं जावा जगवलं ते मूठभर स्वयंसेवकांनी. २०१० मध्ये ॲपल आणि सन विकत घेतलेल्या ओरॅकलने मॅकसाठी ओपनजेडीके करायचं ठरवलं, तेव्हा त्या कामाचा पाया म्हणून या स्वयंसेवकांचा बीएसडी पोर्टच वापरला गेला. आजही हॉटस्पॉटचा (ओपनजेडीकेमधल्या जेव्हीएमचा) सोर्स उघडून पाहा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिरेक्टरीत लिनक्स, विंडोज, एआयएक्स यांच्या शेजारी 'बीएसडी' नावाची डिरेक्टरी आहे. गंमत अशी, की मुख्य प्रकल्प तिच्यातून बांधतो ते मॅकओएससाठी. आपल्या विभागात कोणाच्या मॅकबुकवर जावा चालत असेल, तर त्यात त्या बिनपगारी मंडळींचा कोड आहे. त्यांनाही कोणीतरी विचारलंच असेल, हे सगळं सननं लिहिलंय, यात तुमचं काय?

आणि फ्रीबीएसडी वापरतं तरी कोण, हा प्रश्नही येतोच. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्यावर आहेत. प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम आणि ज्युनिपरच्या राऊटरमधलं जुनोस त्यातून निघालं. व्हॉट्सॲपने २०१२ मध्ये एकाच सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या एकाच वेळी धरून दाखवल्या, त्या फ्रीबीएसडीवर, अर्लांग भाषेच्या रनटाईमसह. एवढं पुरे.

आता देखभालीबद्दल, कारण पोर्ट एकदा बांधला की संपलं असं नसतं. आपल्याकडे मार्च लागला की घरोघरी कूलर खाली उतरतो, खस बदलली जाते, पंपाला बसलेला क्षार खरवडला जातो. यात नवीन काय असं कोणी विचारत नाही, कारण एप्रिलमध्ये काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं. रनटाईमचा एप्रिल वर्षातून चार वेळा येतो. जावाची सुरक्षा अद्यतनं जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये निघतात, आणि फ्रीबीएसडीच्या पोर्ट संग्रहाच्या तिमाही शाखाही याच चार महिन्यांत कापल्या जातात. २०१८ पासून दर सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती येते ती वेगळीच, आणि ती बांधायला आधीची आवृत्ती हाताशी असावी लागते. मधल्या दोन-तीन आवृत्त्या चुकवल्या की साखळी तुटते आणि एकेक कडी जोडत यावं लागतं.

हे महिने पुन्हा एकदा पाहा. सातवं सत्र जुलैच्या सुमारास सुरू होतं आणि हिवाळी परीक्षेच्या तोंडावर संपतं. आठवं जानेवारीत सुरू होऊन उन्हाळी परीक्षेपर्यंत जातं. आपल्या शैक्षणिक वर्षात जावाची चार अद्यतनं जवळजवळ आपल्या रिव्ह्यूंच्याच वेळी पडतात. प्रकल्पाची तारीख विद्यार्थ्याने ठरवायची नाही आणि मार्गदर्शकानेही नाही. ती बाहेरून येणार आणि तिला मुदतवाढ नसणार. मला तरी यापेक्षा चांगली रिव्ह्यूची व्यवस्था सुचत नाही.

मार्क कसे द्यायचे, हा समन्वयकांचा प्रश्न रास्त आहे. ओळी मोजू नका. पोर्ट म्हणजे मुळात एक लहानशी डिरेक्टरी असते: मेकफाईल, उतरवलेल्या फाईलचा आकार आणि तिचा एसएचए-२५६ लिहिलेली डिस्टइन्फो, वर्णन, बसवल्या जाणाऱ्या फाईलींची यादी, आणि लागलेच तर पॅच. चांगला पॅच पुष्कळदा पाच ओळींचा असतो, आणि त्या पाच ओळींपर्यंत पोचायला महिना लागलेला असतो. तो महिना लपत नाही. फ्रीबीएसडीच्या बगझिलात (दोष आणि दुरुस्त्यांच्या नोंदवहीत) प्रत्येक दुरुस्तीची नोंद उघड असते: आधी काय पाठवलं, कमिटरने (बदल मुख्य संग्रहात घालण्याचा अधिकार असलेल्याने) काय खोडलं, का खोडलं, दुसऱ्यांदा काय पाठवलं. पूद्रिएर नावाचं साधन स्वच्छ जेलमध्ये पोर्ट पहिल्यापासून बांधून पाहतं आणि त्याचा लॉग ठेवतं. आपल्या लॅपटॉपवर चालतं ही सबब तिथे टिकत नाही. हे सारं परीक्षकाला घरी बसून वाचता येतं. काळ्या बाइंडिंगमधला प्रकल्प अहवाल कोणी लिहिला हे आजकाल कोण खात्रीने सांगू शकतं? बाजारात तयार प्रकल्प मिळतात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. परक्या कमिटरबरोबर महिनोन्महिने झालेला पत्रव्यवहार मात्र विकत मिळत नाही.

यंत्रांची फार चिंता नको. लहान पोर्टसाठी लॅबमधला साधा पीसी आणि त्यावरचं व्हर्च्युअल मशीन पुरतं. आख्खं ओपनजेडीके बांधायचं तर मेमरी जास्त लागेल आणि बांधणी रात्रभर लावून ठेवावी लागेल, एवढी तयारी हवी. एक विनंती आहे: ही बांधणी मेच्या दुपारी, एसी बंद असलेल्या लॅबमध्ये लावू नका. पंचेचाळीस अंशांत माणसांचीच बांधणी सुटत चालते, प्रोसेसरची काय कथा. आणि यूपीएस आहे का, हे आधी पाहून घ्या.

सगळ्यांना आधीच जावाच्या गाभ्यात उतरवायची गरजही नाही. जिचा सांभाळणारा सोडून गेला आहे अशी एखादी लहान लायब्ररी घ्यावी, तिची नवी आवृत्ती आणून द्यावी, तिच्यावर अवलंबून असलेले पोर्ट मोडत नाहीत ना ते तपासावं. मग दुसरी. सातव्या सत्रात एवढं झालं तर आठव्यात जेलच्या मेमरीसारख्या गोष्टीला हात घालता येतो. ज्या पोर्टला सांभाळणारा उरलेला नसतो, त्याच्या मेकफाईलमध्ये देखभालकर्त्याच्या जागी पोर्ट संग्रहाच्या सामायिक यादीचा पत्ता असतो. असे पुष्कळ आहेत, शोधायला फार वेळ लागत नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला उत्साह आला असेल, तर आता मला ब्रेक लावायचा आहे. या गोष्टीची चार वाईट वळणं मी पाहिली आहेत आणि ती नागपुरात घडू नयेत.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. टी-शर्टसाठी हजारो प्रकल्पांच्या रीडमी फाईलींत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असले शब्द घुसवणाऱ्या रिक्वेस्टींचा पूर आला. त्यात आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांचा वाटा चर्चेचा विषय झाला, ते वाचून मान खाली गेली. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावे लागले. मार्क हा टी-शर्टपेक्षा मोठा मोह आहे. म्हणून म्हणते, सक्ती नको. दीडशे मुलांच्या वर्गाला 'प्रत्येकी दोन पॅच' असा नियम लावला, तर महिन्याभरात आपल्या महाविद्यालयाच्या नावाची मेल कोणी उघडणार नाही.

दुसरं वळण मिनेसोटा विद्यापीठाचं. तिथल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले, पकडले जातात का ते तपासायला. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदान घेणंच थांबवलं. दोघातिघांच्या उद्योगाची किंमत सगळ्या विद्यापीठाला मोजावी लागली. विद्यार्थ्याच्या प्रत्येक पॅचवर विभागाचं नाव अप्रत्यक्षपणे असतं. बाहेर पाठवण्याआधी तो विभागातल्या कोणीतरी वाचलेला असला पाहिजे.

तिसरं ताजं. चॅटबॉटकडून पॅच लिहून घेऊन पाठवण्याची सवय मुलांना लागली आहे. नेटबीएसडीने मे २०२४ मध्ये नियमच केला, की अशा साधनाने तयार केलेला कोड परवान्याच्या दृष्टीने डागाळलेला मानला जाईल आणि कोअर टीमच्या आगाऊ लेखी संमतीशिवाय घेतला जाणार नाही. इतर प्रकल्पांचे नियम वेगवेगळे आहेत. ते वाचून, समजून मग पाठवणं हा प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्याचा अभ्यास असावा.

चौथं वळण सगळ्यात साधं, आणि मला सर्वात खुपतं. मुलं पास होतात, पुण्याला किंवा बंगळूरला जातात, कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि पोर्ट पोरका होतो. फ्रीबीएसडीच्या रिवाजाप्रमाणे देखभालकर्त्याने दोन आठवडे उत्तर दिलं नाही, तर कमिटर त्याच्यावाचून पुढे जाऊ शकतो. पण तोवर कोणाची तरी दुरुस्ती अडून बसलेली असते. यावर उपाय विभागाच्याच हातात आहे. पोर्ट एका विद्यार्थ्याच्या नावावर न घेता विभागाच्या गटाच्या पत्त्यावर घ्यावा, आणि अंतिम वर्षाच्या जोडीने जाण्याआधी तो तिसऱ्या वर्षाच्या जोडीच्या हाती द्यावा. हस्तांतराला मार्क ठेवा. खरं तर सगळ्यात जास्त मार्क तिथेच ठेवा. आपण कशासाठी काय केलं हे मागून येणाऱ्याला कळेल असं लिहून ठेवणं आमच्या धंद्यात फार थोड्यांना जमतं.

प्लेसमेंट अधिकाऱ्यांसाठी एकच वाक्य: मुलाखतीत "प्रकल्पात तू नेमकं काय केलंस?" असं विचारल्यावर ज्याच्याकडे तारखांसह उघड नोंद आहे, त्याला घाम फुटत नाही.

मग मागणी काय? स्वायत्त महाविद्यालयांनी आपल्या पातळीवर आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी अभ्यास मंडळाकडे मांडून, प्रकल्पांच्या प्रकारांत एक ओळ वाढवावी. मसुदा मी देते, बदला हवा तर: 'खुल्या स्रोताच्या एखाद्या रनटाईमचं, कंपायलरचं किंवा सिस्टीम लायब्ररीचं युनिक्ससदृश ऑपरेटिंग सिस्टीमवर पोर्टिंग आणि दोन सत्रांची देखभाल; मूल्यमापन सार्वजनिक नोंदी, बांधणीचे लॉग आणि हस्तांतराची टिपणं यांवरून.' आणि नावीन्याचा रकाना या प्रकारापुरता काढून त्या जागी 'कारणमीमांसा' असा ठेवावा: काय बिघडलं, का बिघडलं, आणि दुरुस्ती हीच का.

पहिल्या वर्षी एका महाविद्यालयातली एक जोडी पुरे आहे. मार्गदर्शकांना फ्रीबीएसडी माहीत नसलं तरी अडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या कुणालाही त्यातलं नव्वद टक्के ओळखीचं वाटेल. उरलेल्यासाठी शनिवारची दुपार मी देईन. मानधन नको. प्रोजेक्टर चालू असावा आणि लॅबच्या नेटवर्कवर गिट उघडलं जावं, कारण गेल्या वेळी एका ठिकाणी फायरवॉलने तेच अडवून ठेवलं होतं. सातव्या सत्राची विषयांची यादी लागण्याआधी कळवलंत, तर पोरक्या पोर्टांतले सुरुवातीला झेपतील असे काही मी निवडून ठेवते.

आपली,
सर्व्हर सांभाळणारी एक नागपूरकर